बॉल पडायच्या आधी बोला

वाशिम जिल्ह्यात तालुके सहा आहेत. क्रिकेटच्या निवड समित्या किती आहेत, हे मात्र जनगणनेवाल्यांनाही सांगता येणार नाही. रिसोडला बसस्टँडसमोर एक बसते, कारंज्यात दोन-तीन आहेत, आणि मंगरुळपीरला बाजाराच्या दिवशी एक जादा भरते. या समित्यांना मानधन नाही, कार्यालय नाही. पानठेल्याचं बाकडं आणि मोबाइलचा स्क्रीन एवढ्यावर कारभार चालतो. भारताच्या कर्णधाराला काढण्याचे जेवढे ठराव इथे एका संध्याकाळी मंजूर होतात, तेवढे क्रिकेट मंडळानं अख्ख्या हयातीत केले नसतील. ठरावाची भाषा ठरलेली: ‘मी तं आधीच म्हटलं होतं, राजेहो.’ या वाक्यात एकच अडचण आहे. ते नेहमी नंतर म्हटलेलं असतं. विकेट पडली की गोलंदाजी बदलणारा कर्णधार चाणक्य, आणि त्याच गोलंदाजाला षटकार बसला की त्याच कर्णधाराला गल्लीतल्या टेनिस बॉलच्या टीममध्येही जागा नाही. माझं म्हणणं असं की, कर्णधाराच्या जोखमीच्या निर्णयाचा न्याय निकालावरून करणं हा न्याय नव्हे, नुसता पंचनामा आहे. निर्णय घेताना त्याला काय ठाऊक होतं आणि दुसरे कोणते रस्ते खुले होते, एवढंच पाहायला हवं. पुढे काय झालं, हे वर्तमानपत्रात येतंच.

पुरावा म्हणून जोहान्सबर्गचं एक षटक घेऊ. २४ सप्टेंबर २००७, पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ धावा हव्यात, एक विकेट शिल्लक, समोर मिसबाह-उल-हक. धोनी चेंडू देतो जोगिंदर शर्माला. हरभजनचं एक षटक बाकी असताना! पहिला चेंडू वाइड. समितीत कुजबुज: ‘अबे, याले काहून देल्ला बॉल?’ पुढचा चेंडू निर्धाव, समिती तहकूब. त्याच्या पुढच्याला सरळ षटकार. समिती पुन्हा भरते आणि धोनीला एकमतानं बडतर्फ करते. आता चार चेंडूंत सहा धावा. मिसबाह गुडघा टेकून चेंडू मागे उचलायला जातो, तो शॉर्ट फाइन लेगला श्रीसंतच्या हातात पडतो, भारत ५ धावांनी जिंकतो, आणि ‘धोनीसारखं डोकं कोणाचं नाही’ हा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो. बडतर्फी आणि सत्कार यांच्यामध्ये चेंडू एकच पडला, आणि त्या एका चेंडूच्या अवधीत धोनीनं नवा निर्णय कोणताही घेतलेला नव्हता. निर्णय षटकाआधीच घेऊन झाला होता, आणि त्याला कारणही होतं. सतराव्या षटकात याच मिसबाहनं हरभजनला तीन षटकार मारले होते. श्रीसंतच्या हातून झेल सुटला असता तर तोच निर्णय आज आपण मूर्खपणाच्या धड्यात घातला असता. म्हणजे आपण धोनीच्या डोक्याचं म्हणून जे कौतुक करतो, त्यातला बराचसा वाटा श्रीसंतच्या तळहाताचा आहे.

गंमत अशी की निर्णय आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान वाशिमच्या माणसाइतकं पक्कं दुसऱ्या कुणाचं नसेल. हा सोयाबीनचा जिल्हा आहे. मृग लागलं की शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न असतो: पेरायचं की थांबायचं? कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. एखादा शहाणा माणूस तेवढा पाऊस होऊ देतो, ओल तपासतो, बियाण्याची उगवण बघतो आणि मगच तिफण जुंपतो. आणि नेमका पुढे वीस दिवस पाऊस दडी मारतो. दुबार पेरणी करावी लागते. त्या माणसाला गावात कुणी येडा म्हणत नाही. ‘त्यानं बरोबर केलं, पावसानं दगा देल्ला,’ असंच म्हणतात. आणि धूळपेरणी करून ज्याचं जमून गेलं त्याला नशीबवान म्हणतात, कृषिभूषण म्हणत नाहीत. इतका सूक्ष्म विवेक ज्याला बांधावर साधतो, तोच माणूस संध्याकाळी पानठेल्यावर आला की नाणेफेक हरलेल्या कर्णधाराच्या सात पिढ्या उद्धरतो. पावसाला माफी आहे, आउटस्विंगरला नाही.

नाणेफेकीवरून आठवलं. १३ मार्च १९९६, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. अझरुद्दीन नाणेफेक जिंकतो आणि श्रीलंकेला फलंदाजी देतो. हा निर्णय आजही भारतीय क्रिकेटच्या चार्जशीटमध्ये पहिल्या पानावर आहे. पण त्या दिवशी अझरुद्दीनला काय ठाऊक होतं? अकराच दिवस आधी दिल्लीत सचिननं १३७ धावा करूनही भारताच्या २७१ धावा श्रीलंकेनं सहज ओलांडल्या होत्या. जो संघ पाठलागात राक्षस ठरतोय, त्याला पाठलाग करूच द्यायचा नाही, यात वेडेपणा कुठला? शिवाय पहिल्याच षटकात श्रीनाथनं कालुवितरणा आणि जयसूर्या या दोघांनाही माघारी धाडलं. त्या क्षणी जिल्ह्यातल्या एकाही समितीनं अझरुद्दीनविरुद्ध ठराव आणला नसणार. पुढे अरविंद डिसिल्वा खेळला, श्रीलंका २५१ वर गेली, संध्याकाळी खेळपट्टी फुटली, भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० वर कोसळला, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. खेळपट्टी इतकी फुटेल याचा अंदाज चुकला, हा आरोप रास्त आहे आणि तो जरूर करावा. पण ‘पहिल्यांदा गोलंदाजी घेणं हाच गाढवपणा’ असं म्हणणाऱ्यानं चारच दिवसांनी लाहोरला काय झालं ते पाहावं. अंतिम सामन्यात रणतुंगानं नाणेफेक जिंकली, ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली आणि विश्वचषक नेला. तीच स्पर्धा, तोच निर्णय; एक आजन्म आरोपी, दुसरा देशाचा लाडका.

परक्यांचं कशाला, आपल्या घरचंच बघू. विदर्भानं रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तो इंदूरला, १ जानेवारी २०१८ रोजी. त्या अंतिम सामन्यात फैज फजलनं नाणेफेक जिंकून दिल्लीला फलंदाजी दिली. रजनीश गुरबानीनं हॅटट्रिकसह सहा बळी घेतले, अक्षय वाडकरनं शतक ठोकलं, विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. मग काय, फजलची दूरदृष्टी आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त यांवर वाशिमपासून गोंदियापर्यंत प्रवचनं झाली. आता फेब्रुवारी २०२५ मध्ये या. नागपूरजवळ जामठ्याला पुन्हा अंतिम सामना, समोर केरळ. केरळचा कर्णधार सचिन बेबी नाणेफेक जिंकतो आणि गोलंदाजी घेतो, म्हणजे हुबेहूब फजलचा निर्णय. विदर्भाची अवस्था होते ३ बाद २४. त्या वेळी सचिन बेबी थोर. मग दानिश मालेवार आणि करुण नायर उभे राहतात, दोनशेच्या वर भागीदारी करतात, आणि दिवस संपताना धावफलक ४ बाद २५४. त्या वेळी सचिन बेबी अडाणी. पुढे तो स्वतः ९८ वर बाद होतो, केरळला पहिल्या डावात ३७ धावा कमी पडतात, सामना अनिर्णित सुटतो आणि तेवढ्याच आघाडीवर करंडक विदर्भाकडे येतो. सकाळी थोर, संध्याकाळी अडाणी आणि पाचव्या दिवशी बिचारा. तीनही पदव्या एकाच निर्णयाबद्दल. विद्यापीठंसुद्धा इतक्या भराभर पदव्या देत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: निकाल बघायचाच नाही म्हटलं तर मग कुणाला काही बोलायलाच नको; प्रत्येक हरणारा म्हणेल, निर्णय बरोबर होता, नशीब फुटकं. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचं उत्तर आहे. धोका पत्करणं आणि आचरटपणा करणं यांतला फरक निकालाआधीही दिसतो. अजित वाडेकरांचंच बघा. फेब्रुवारी १९७१, किंग्स्टन. कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताच्या ३८७, वेस्ट इंडिजच्या २१७, आघाडी १७०. एरवी फॉलोऑनला २०० ची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेला की ती १५० वर येते. हा नियम वाडेकरांना ठाऊक होता, आणि त्यांनी सोबर्ससमोर जाऊन फॉलोऑन जाहीर केला. सामना अनिर्णित राहिला. निकालाच्या तराजूत या निर्णयाचं वजन शून्य भरेल. पण नियमांचं पुस्तक वाचून घेतलेला तो निर्णय होता, आणि पुढच्याच कसोटीत भारत वेस्ट इंडिजला इतिहासात पहिल्यांदा हरवून मोकळा झाला. आता याच्या शेजारी २००१ ची कोलकाता कसोटी ठेवा. स्टीव्ह वॉकडे २७४ धावांची आघाडी होती आणि पाठीशी ओळीनं सोळा कसोटी विजय. त्यानं फॉलोऑन दिला. लक्ष्मणनं २८१ केल्या, द्रविडनं १८०, आणि ऑस्ट्रेलिया १७१ धावांनी हरली. वॉचा निर्णय चूक होता का? त्याच्या जागी उभ्या असलेल्या दहांतल्या नऊ कर्णधारांनी तेच केलं असतं, आणि दहावा झोपलेला असता. तेव्हा टीका जरूर करा. फक्त ‘त्याच्या जागी, त्या वेळी, तेवढ्याच माहितीवर’ ही तीन कलमं लावून करा. एका सामन्यावरून नव्हे, तर तीन-चार हंगामांच्या निर्णयांवरून करा. तेवढ्या मोठ्या हिशेबात नशीब दोन्ही बाजूंनी कटून जातं, आणि उरलेली बाकी कर्णधाराच्या खात्यावर खुशाल मांडा.

दुसरा आक्षेप असा: कर्णधार जिंकल्याचं श्रेय घेतो, जाहिराती घेतो, मग हरल्याच्या शिव्या त्यानं का खाऊ नयेत? खाव्यात की; त्याला पैसे त्याचेच मिळतात. पण शिव्यांचा परिणाम काय होतो, तेही बघा. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये. तो खेळ बहुतांशी हातानंच खेळतात, त्यामुळे नावावर जाऊ नये. तिथे दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथीला एकतर धोका पत्करून पुढे घुसायचं, नाहीतर चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकायचा. बर्कलेचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ साली हिशेब मांडून दाखवलं की जिंकायचं असेल तर प्रशिक्षकांनी कितीतरी जास्त वेळा घुसायला हवं. पण ते लाथाडतात. कारण साधं आहे. लाथाडून हरला तर ‘नशीब’, घुसून हरला तर ‘प्रशिक्षक येडा’. १ फेब्रुवारी २०१५ ला तिथल्या अंतिम सामन्यात सिॲटलचा संघ विजयापासून एका यार्डावर होता. हाताशी मार्शॉन लिंचसारखा बैल असताना प्रशिक्षक पीट कॅरल यांनी फेकीचा डाव सांगितला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा तिथला म्होरक्या, रसेल विल्सन यानं फेकला, आणि प्रतिस्पर्धी संघाच्या माल्कम बटलरनं मध्येच झेपावून तो पळवला. फेक नुसती वाया गेली असती तर घड्याळ थांबलं असतं आणि लिंचला घुसवायला संधी उरली असती, हा कॅरल यांचा हिशेब अगदीच टाकाऊ नव्हता. तरी त्यांना आजतागायत तो निर्णय ऐकवला जातो. अशी धुलाई पाहिलेला दुसरा प्रशिक्षक पुढच्या वेळी काय करणार? जे सगळे करतात तेच. म्हणजे आपल्या शिव्यांतून शहाणे कर्णधार तयार होत नाहीत, भित्रे होतात. आणि मग ‘आजकालच्या पोरांत हिंमतच नाही’ म्हणून आपणच पुन्हा समिती भरवतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे: आम्ही चाहते आहोत, हायकोर्ट नाही, आम्हाला फक्त जिंकायचं असतं. हे खरं असतं तर मी इथेच थांबलो असतो. पण मुलतान आठवा. मार्च २००४, सचिन १९४ वर नाबाद, आणि हंगामी कर्णधार द्रविड ५ बाद ६७५ वर डाव घोषित करतो. भारत ती कसोटी एक डाव आणि ५२ धावांनी जिंकतो. पाकिस्तानच्या भूमीवरचा आपला पहिला कसोटी विजय. निकालच सर्वस्व असेल तर द्रविडच्या मिरवणुका निघायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या सहा धावांचा हिशेब मालेगावपासून मानोऱ्यापर्यंत अजून मिटलेला नाही. सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, हा उतरत नाही. म्हणजे आपल्याला निकालही धड पुरत नाही. निकाल मनासारखा, त्यात शतक मनासारखं, आणि गोलंदाज आपल्याला पसंत असलेला, असं सगळं जमलं तरच आपण निर्णयाला पास करतो. याला क्रिकेटप्रेम म्हणावं की सोयरीक जमवणं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तेव्हा उपाय एकच सुचतो, आणि तो बिनखर्चाचा आहे. प्रत्येक निवड समितीनं एक वही ठेवावी. ज्याला मत द्यायचं त्यानं बॉल पडायच्या आधी द्यावं: गोलंदाज कोण हवा, डाव कधी घोषित करावा, नाणेफेक जिंकली तर काय घ्यावं. नाव, वेळ आणि सही. बॉल पडल्यावर सुचलेलं शहाणपण नोंदवून घेतलं जाणार नाही. फार तर त्या माणसाकडून सगळ्यांच्या चहाचे पैसे घ्यावेत. एक हंगाम ही वही चालली तर धोनी किती वेळा बरोबर होता हे कळेलच, शिवाय आपण किती वेळा बरोबर होतो हेही कळेल, आणि दुसरा आकडा समोर आला की पहिल्याबद्दलची भाषा आपोआप मऊ होईल. यावर चहावाल्याचा एक आक्षेप येणार आहे: असा नियम केला तर निम्मं गिऱ्हाईक उठून जाईल, कारण लोक क्रिकेट बघायला नव्हे, ‘मी तं आधीच म्हटलं होतं’ म्हणायलाच येतात. वरच्या तिन्ही आक्षेपांना मी उत्तर दिलं; या चौथ्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो माणूस बॉल पडायच्या आधी बोललाय.