सायकलवरचे मुखत्यार

पुण्याच्या कोणत्याही जुन्या वाड्यात शिरावे, तेथे असा एक गृहस्थ आढळतोच, की ज्याचे घरातील वास्तव्य पर्जन्यकाळात केवळ नाममात्र उरते. नात्याने तो कोणाचा कोण लागतो याची चौकशी न करता सारा वाडा त्याला अण्णा म्हणतो. एरवी तो कोठल्याशा कचेरीत कारकून असतो, किंवा नुकताच पेन्शनीत निघालेला असतो. परंतु आषाढाची पहिली सर कौलांवर वाजली, की त्याची खरी नेमणूक सुरू होते.

वास्तविक पुण्याचा पाऊस बेताचा; सालिना अठ्ठावीसेक इंच, म्हणजे कोकणातल्या माणसाने ज्याला दहिवर म्हणावे इतकाच. 1928 साली सिमल्याहून येथे आलेले हवामानखात्याचे दफ्तर काय वर्तविते, याकडे अण्णा लक्ष देत नाहीत. माडीच्या खिडकीतून सिंहगड दिसतो की ढगात गडप झाला आहे, एवढे पाहून ते आपला निकाल देतात, आणि निकाल कोणताही लागला तरी सायकल बाहेर काढतात. ती ओट्यावरून उतरल्याचा आवाज झाला, की चारी सोप्यांतून एकच आर्जव उठते : “अण्णा, मंडईत जाताच आहात तर...” मंडईत जाण्याचा विचार त्यांनी अद्याप बोलून दाखविलेला नसतो, पण या ‘जाताच आहात’ने त्यांच्या मुद्रेवर, सनद हाती पडलेल्या वतनदाराचे तेज चढते.

मग धोतराचा सोगा साखळीत न सापडेल असा खोचून, डाव्या हातात छत्री आणि उजव्या हातात हॅन्डल धरून, सोळा आणे स्वार होऊन ते निघतात. भिजलेला ब्रेक लागत नाही, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून तो दाबण्याच्या भरीस ते पडतच नाहीत. चढाव्याचा तळवा पुढच्या चाकावर टेकवून ते वेग आवरतात, आणि टांगेवाल्याने शिव्या दिल्याच तर त्या छत्रीवर झेलतात.

दळणाचा प्रकार मात्र प्रत्यक्ष पाहण्यासारखा. पिठाचा डबा कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून आवळलेला असतो. त्यावर मेणकापड असते. तरीही शंका राहिली म्हणून अण्णा अंगातला रेनकोट उतरवून तो डब्याला घालतात, गळ्याशी बटणेही लावतात, आणि स्वतः निथळत घरी येतात. पिठाला थेंबाचा उपसर्ग झालेला नसतो. पुढे आठ दिवस त्यांना शिंका येतात. त्यांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

बाकी साऱ्याचा हिशेब अण्णा स्वतःहून देतात, आणि तोही पै न् पैचा. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले, तेव्हा इतरांची त्रेधा उडाली. अण्णांना मात्र त्यात पराक्रमाला नवे क्षेत्र लाभले. सरकारी कोष्टकात एका आण्याचे 6 नवे पैसे होत, पण तीन आण्यांचे 19! तेव्हा तीन बिऱ्हाडांची आण्या-आण्याची मेथी एकदम न घेता, भर पावसात एकाच माळणीपुढे उभे राहून ती तीन वेळा स्वतंत्रपणे घेतली, तर एक नवा पैसा वाचतो, ही बाब त्यांनी कोष्टक जाहीर झाले त्याच संध्याकाळी हुडकून काढली. दुसऱ्या जुडीपर्यंत माळण हसते, तिसरीला ती गोणपाट डोक्यावर ओढून म्हणते, “न्या तशीच, पण जा बाबा!” तशीच नेणे अण्णांच्या तत्त्वात बसत नाही. ते सुटे 6 पैसे मोजून देतात आणि वाचलेल्या पैशाची तीन बिऱ्हाडांत वाटणी कशी करावी, या विवंचनेत लक्ष्मी रोड ओलांडतात.

अशा परोपकारी पुरुषाला भाद्रपदाच्या एखाद्या लख्ख सकाळी, रस्ते कोरडे ठणठणीत असता, शेजारच्या काकूंनी सहज कोथिंबीर आणायला सांगितली. अण्णांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, अंगणातल्या उन्हाकडे पाहिले, आणि किंचित दुखावल्या स्वरात ते म्हणाले, “अहो, अशा हवेत पोरेसुद्धा जाऊन येतील की!”