उभं कोकण आडवं

किनारी पर्यावरणाचा एकत्रित अहवाल येणार आहे म्हणे. पाणी तपासणारे, मासे मोजणारे, खारफुटी राखणारे, बंदरं बांधणारे, सगळ्यांची माहिती एकाच नकाशावर. समन्वय बैठक म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. चहा येतो, काजू येतात, माहिती पुढच्या बैठकीत येते.

यंदा मात्र ती आली. चार खात्यांच्या चार एक्सेल फायली. त्यातल्या एकीत अक्षांश आणि रेखांश यांचे रकाने उलटे.

वरळीचा अक्षांश साधारण 19, रेखांश 72.8. अदलाबदल करा आणि नकाशा उघडा. वरळी गेली उत्तर ध्रुववृत्ताच्या पल्याड, नॉर्वेच्याही वर, भर समुद्रात. या ‘समुद्रात’चीच सगळी गंमत. वाळवंटात पडली असती तर शिपायालाही शंका आली असती. पण संगणकाला एकच प्रश्न शिकवलेला: ठिकाण समुद्रात आहे का? आहे. पास! डहाणू पास, हर्णै पास, मालवण पास, वेंगुर्ला पास. उभं कोकण आडवं होऊन नॉर्वे आणि बेअर बेट यांच्यामध्ये पहुडलं आणि तपासणीत शंभर टक्के गुण मिळवून गेलं.

मला विचाराल तर हे राहू द्यावं. नाल्यांचं काळं पाणी जिथं समुद्राला मिळतं ते ठिपके आपोआप परदेशात गेले. राज्याची हद्द 12 सागरी मैलांची, म्हणजे जेमतेम 22 किलोमीटर. त्यापुढचं आपण बघायचं कशाला? ‘हद्दीबाहेर, कार्यवाही नाही’ असा शेरा मारून फाईल बंद. अडचण फक्त बोंबलाची. तिथं ऐन डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, बोंबील वाळणार कसा? जूनमध्ये मावळत नाही, चोवीस तास ऊन. पण जूनमध्ये आमची मासेमारी बंद. तरी एक सोय आहे. नॉर्वेवालेही आपला कॉड काठ्यांवर टांगून उघड्यावर वाळवतात, तेव्हा काठ्या उसन्या मिळतील. समन्वय बैठक तिकडेच घ्यावी, अभ्यासदौरा म्हणून. काजू इथून न्यावेत.

आता एका माणसाबद्दल सांगतो, ज्याचे रकाने कधी उलटत नाहीत. बोटीवरचा तांडेल. हातातल्या जीपीएसवर अंश-मिनिटं बघून तो जागा धरतो, पाण्याखालचा खडक चुकवतो, जाळं सोडतो. कारण चुकलं तर डिझेल त्याचं जातं आणि जाळंही त्याचंच फाटतं. फाईलवाल्याचं काय फाटतं? 2011च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच लिहून ठेवलं होतं की मासेमारीची क्षेत्रं आणि माशांच्या प्रजननाच्या जागा नकाशावर स्पष्ट दाखवा. त्या जागा तांडेलाला तोंडपाठ आहेत. त्याला विचारा ना! पण बैठकीला त्याला खुर्ची नसते. खुद्द सरकारकडे राज्याच्या किनाऱ्याची लांबी जुन्या मोजणीत 652.6 किलोमीटर, नव्या बारीक मोजणीत 877.97 आणि भाषणात कायम 720, असा तिहेरी संसार सुखानं चालतो. कोळीवाड्यांनी मात्र वाळवणाची जागा नकाशात दिसत नाही म्हटलं की त्यांनी पुरावा आणायचा. मूळ नकाशा मागितला तर मिळते पीडीएफ. तीही छापील कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो, तिरका. कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. आणि गोल शिक्का बरोबर खाडीच्या तोंडावर, जिथं भराव सुरू आहे.