एका फोटोची वरात

बेन शापिरो यांचा ‘ग्रेगरी क्रूडसन : ब्रीफ एन्काउंटर्स’ (२०१२) हा माहितीपट पाहताना वाटतं, आता सिनेमा सुरू होणार. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डसारख्या मरगळलेल्या शहरात रस्ता अडवलेला, उंचावर दिवे टांगलेले, यंत्रातून धुकं सोडलेलं, माणसांची ही धावपळ. एवढ्या वरातीतून निघतो एकच फोटो! त्यातही कुणी बाई खिन्नपणे शून्यात बघत उभी.

कॅमेऱ्याचं बटणसुद्धा छायाचित्रकार क्रूडसन स्वतः दाबत नाहीत. त्याला वेगळा माणूस.

संधिप्रकाश मात्र खराच लागतो, आणि तो जेमतेम काही मिनिटं टिकतो. सूर्याला बिदागी द्यावी लागत नाही, तेवढीच काटकसर. तरीही ‘बिनीथ द रोझेस’ मालिकेतला ओला, रिकामा रस्ता पडद्यावर आला की टिंगल करणारा प्रेक्षक पुढे सरकून बसतो. हातातला चहा गार होतो.