काय करत न्हाय हो त्यो!

कराडचा माणूस पावसाळ्यात सकाळी उठला की चहाच्या आधी कोयनेचा विसर्ग विचारतो. १०५ टीएमसीच्या धरणात आज किती भरलं, पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सुटलं का, सहा वक्र दरवाजे किती फुटांवर आहेत, हे इथं शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. बाकीच्या गावाला ही काळजी चार महिने. आमच्या कॉलनीत मात्र विसर्ग बारमाही आहे आणि तो आप्पांच्या घरातून होतो.

पहाटे साडेपाचला आधी गेटखालच्या फटीतून राणी बाहेर येते. हे झालं पायथा वीजगृह. मग गेट करकरतं, फूट-दीड फूट उघडतं आणि टायगर व वाघ्या एकदमच सुटतात. त्याच मिनिटाला कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'विसर्ग सुरू. नागरिकांनी सतर्क राहावे.' दूधवाला गाडीचा वेग वाढवतो, पेपरवाला पोरगा कोपऱ्यावरूनच पेपर फेकायला लागतो, आणि भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीची जुडी डोक्यावरच्या पाटीत ठेवून पाटीतला वजनाचा दगड हातात घेतात.

ही उपमा उगीच नाही. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. "तीस वर्सं अडवायचंच काम केलं," ते म्हणतात, "आता सोडायचं."

कुत्री पाळणारे पुष्कळ असतात. काही बांधतात, काही फिरवतात. आप्पा ज्या कुळीतले आहेत ते सोडतात. पाळायचं काम ते मनापासून करतात, सांभाळायचं कॉलनीवर सोपवतात. भाकरी त्यांची, भीती आमची, अशी ही सरळ वाटणी आहे. आप्पा साखळी वापरत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. रोज सकाळी बनियन आणि थ्री-फोर्थ घालून ते बाहेर येतात तेव्हा त्यांच्या हातात चांगली जाडजूड साखळी असते. फक्त तिच्या दुसऱ्या टोकाला कुणी नसतं. ते टोक आप्पा जपमाळेसारखं बोटाभोवती फिरवत राहतात.

प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात. पाहुण्यांना आम्ही हे कौतुकानं दाखवतो. माझा आणि टायगरचा संगम रोज पावणेसहाला, दूध आणायच्या वाटेवर होतो. आम्ही दोघंही समोरासमोर येतो आणि मग मी एकटाच काटकोनात वळतो.

टायगर म्हणजे लॅब्राडोर आणि कुणा अज्ञात स्थानिक कार्यकर्त्याची युती. एक कान उभा, एक पडलेला, त्यामुळं तो चिडलाय की लाडात आलाय, हे कुठल्या कानावरून ठरवायचं ते कळत नाही. तो जवळ येतो, माझ्या गुडघ्याला ओलं नाक लावतो आणि श्वास आत घेऊन तसाच थांबतो. मीही माझा तसाच थांबवतो. एवढ्यात पलीकडून आप्पांच्या सूचना सुरू होतात.

"उभं ऱ्हावा. हलू नका. पळू नका. त्याच्या डोळ्यात बघू नका. पिशवी वर धरू नका, त्याला वाटतं काठी हाय. काय करत न्हाय हो त्यो!"

म्हणजे नियम सगळे मला आणि टायगरला एकही नाही. कुत्रा मोकळा आणि माणूस जागच्या जागी बांधलेला, तोही बिनसाखळीचा. 'काय करत न्हाय हो त्यो' या वाक्यातला 'त्यो' म्हणजे कुत्रा, अशी आमची पाच वर्षं समजूत होती. पुढं कधीतरी लक्षात आलं, की काही करत नाहीत ते आप्पा.

त्यांचा शब्दकोश वेगळा आहे. कुत्रा अंगावर धावून आला तर 'खेळतोय'. दोन पाय छातीवर ठेवले तर 'वळख दाखवतोय'. चप्पल पळवली तर 'सवय लागलीया तुमची'. स्कूटरमागं लागला तर 'चाकाचा राग हाय त्याला, मानसाचा न्हाय'. 'चावला' हा शब्द या कोशात कुठंच नाही. फार झालं तर 'दात लागला'. तो कुणी लावला, हे वाक्यात येत नाही. पावसात भिंत पडावी किंवा उन्हानं घेरी यावी, तसा तो आपोआप लागतो.

एका सोमवारी तो माझ्या पोटरीला लागला.

इथं एक कबूल केलं पाहिजे. धावत कोण आलं असेल तर आप्पाच. घरात आई हळद घेऊन आली, शेजारचे काका चुना म्हणाले, कुणाला तरी मिरचीपूड आठवली. आप्पांनी सगळ्यांना बाजूला सारलं, मला नळाखाली बसवलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं जखम धुतली. हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायचं, हे शास्त्र त्यांना पाठ होतं. अनुभवाशिवाय एवढी सफाई येत नाही. "आता भ्यायचं काय कारण न्हाय," ते फेस करत म्हणाले. "पूर्वी बेंबीभवती चौदा असायची. आता दंडात चार-पाच. कळतसुद्धा न्हाय." मग स्कूटरवर बसवून मला दवाखान्यात घेऊन गेले. मागं टायगर धावत होता. त्याला चाकाचा राग आहे.

डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा पाळीव की भटका?"

आप्पांनी छताकडं बघितलं. "भटका."

"लस दिलीय का काही माहीत?"

"दिलीय की!" आप्पांचा स्वाभिमान जागा झाला. त्यांनी पाकीट काढलं आणि त्यातून घडी घातलेलं लसीकरणाचं कार्ड टेबलावर ठेवलं. वर नाव 'टायगर', खाली मालकाचं नाव, त्याखाली पत्ता.

डॉक्टरांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघितलं. आप्पांच्या स्कूटरच्या फूटबोर्डवर तो भटका कुत्रा गळ्यात लाल पट्टा घालून बसला होता.

आप्पांचा हा मोठा शोध आहे आणि तो सरकारच्याही पुढं गेलेला आहे. २०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी कुत्र्यांचे पाळीव आणि वस्तीतले असे दोन भाग केले आणि पाळीव कुत्र्याची लस ही मालकाची जबाबदारी ठरवली. आप्पांनी त्यात तिसरा भाग घातला, तो म्हणजे सोयीचा. रात्री चोर आल्याचा संशय आला आणि टायगर भुंकला, की 'आमच्या टायगरनं कॉलनी वाचवली'. सकाळी कुणाच्या दारात घाण सापडली, की 'कुत्री काय, कुणाची बी येत्यात'. मालकी कायम नसते, प्रसंगानुसार चढते-उतरते. तिचीही पाणीपातळी असते.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पुढच्या तारखा लिहून दिल्या आणि म्हणाले, "लस असली तरी दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. वागण्यात बदल वाटला, आजारी पडला, तर लगेच या."

झालं. ज्या प्राण्याला चुकवण्यात माझी पाच वर्षं गेली, त्याची प्रकृती विचारायला मी रोज आप्पांच्या दारात जाऊ लागलो. "टायगर कसा आहे? जेवला का? पाणी पितोय ना?" पहिल्या दिवशी आप्पा चमकले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली. पाचव्या दिवशी काकूंनी चहा केला. आठव्या दिवशी आप्पांचे डोळे पाणावले. "कॉलनीत एवढी माया कुनी केली न्हाय हो त्येच्यावर," ते म्हणाले. टायगरनं माझ्या गुडघ्याला नाक लावलं. मी त्याच्या वागण्यात काही बदल दिसतो का ते बघितलं. काही नव्हता.

आमच्या कॉलनीत एक वकील राहतात. त्यांनी सांगितलं, की जनावराबाबत हयगय करून माणसाच्या जिवाला धोका आणला तर जुन्या दंडसंहितेत कलम २८९ होतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९१ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. मी उत्साहानं कागद घेतला. 'विषय :' इथपर्यंत लिहिलं. तेवढ्यात काकूंनी डबा पाठवला, कुरडया होत्या. कुरडई तोंडात विरघळत असताना कलम २९१ लावता येत नाही. शिवाय २०१९ च्या पुरात आमच्या सासुरवाडीची माणसं नदीकाठची घरं सोडून आमच्याकडं आली, तेव्हा न सांगता चार गाद्या आणून टाकणारे आप्पाच होते. कागदावर पुढं मी किराणा मालाची यादी लिहिली.

मग तोंडी बोलणी केली. आप्पा धार्मिक अंगानं आले. "पालीच्या खंडोबाच्या पायाशी कोन असतं? कुत्रं. दत्ताच्या पायाशी? चार कुत्री, म्हंजी चार वेद. नामदेवम्हाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन पळालं. आन् तुमी एका पोटरीचं घेऊन बसलाय."

मी म्हणालो, "आप्पा, दत्ताची कुत्री दत्ताच्या पायाशी असतात. लोकांच्या नाही. आणि युधिष्ठिराचा कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत गेला, पण वाटेत त्यानं कुणाची चप्पल नेल्याचं महाभारतात नाही."

आप्पा गंभीर झाले. "तुमचं बरोबर हाय. पर गेटची कडीच लागत न्हाय. गंजलीया. वेल्डिंगवाला येतो येतो म्हनतोय."

ही कडी पाच वर्षं गंजत होती. वेल्डिंगवाला पाच वर्षं येत होता. काकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मला इचारतंय कोन? कुत्र्यांस्नी तरी आधी जेवाय इचारत्यात."

आणि मग मागच्या हिवाळ्यात आगाशिवच्या डोंगराच्या अंगाला बिबट्या दिसल्याचा निरोप ग्रुपवर आला.

कराड तालुक्यात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. वर्ष-वर्ष उभा असणारा ऊस हे त्याचं घर, तिथंच त्याची बाळंतपणं होतात. ऊसतोड सुरू झाली की त्याचं घर मोडतं आणि तो बाहेर पडतो. कुणीतरी जास्तीची माहितीही टाकली. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यातल्या अशाच ऊसपट्ट्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-मेंढ्या फार मागं होत्या.

हे वाचलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. सात वाजून पाच मिनिटांनी आप्पांच्या गेटवर 'खट्' असा आवाज आला.

पाच वर्षांत तो आवाज कॉलनीनं पहिल्यांदाच ऐकला. आम्ही सगळे आपापल्या दारात आलो. कडी लागली होती. गंजाचा मागमूस नव्हता. गेटखालच्या फटीला फळी ठोकलेली होती. टायगर आणि वाघ्या, नावानं दोन-दोन वाघ, आत पलंगाखाली होते आणि राणी काकूंच्या मांडीवर. आप्पा व्हरांड्यात साखळी घेऊन बसले होते आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला कडीचं कुलूप होतं.

चार दिवस विसर्ग बंद होता. दूधवाला दारात थांबून सुट्टे पैसे मोजू लागला. पेपर दारात, कोरडा आणि सरळ पडू लागला. भाजीवाल्या मावशींनी दगड पुन्हा तराजूत ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येत असताना आप्पा गेटच्या आतून, गजांना धरून, आगाशिवच्या दिशेनं बघत उभे दिसले. मी थांबलो. पाच वर्षं जिभेवर ठेवलेलं वाक्य बाहेर काढायला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

"आप्पा," मी म्हणालो, "सोडा की कुत्री. काय करत न्हाय हो त्यो. पळू नका, त्याच्या डोळ्यात बघू नका. नुसता वास घेतो."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसाला कळू नये, याची कीव होती.

"आवं, काय बोलताय?" ते म्हणाले. "जनावर हाय ते. जनावराचा काय भरवसा?"

पाचव्या दिवशी वन खात्याची माणसं येऊन गेली. बिबट्या डोंगराच्या पलीकडं गेल्याचं कळलं. सहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला फळी सरकल्याचा आवाज आला आणि माझा फोन वाजला. ग्रुपवर लिहिलं होतं, 'पायथा वीजगृह सुरू. दरवाजे दीड फुटानं उचलण्याची शक्यता.'

मी पिशवी खाली धरली आणि काटकोनात वळायला तयार होऊन बाहेर पडलो.