आधी गोळी, मग दाखला

आरोग्याच्या निधीला कात्री लागली, अशी दवंडी कधी कोणी ऐकली आहे? पद रिक्त राहतं, औषधांची मागणी पुढच्या महिन्यावर जाते, निधीचा हप्ता लांबतो.

झाली कपात.

नंदुरबारच्या सातपुड्यात ही कपात थेट हाडात उतरते. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याला रक्त मिळेनासं झालं की हाड आतून मरत जातं. मग विशीतल्या पोराला मांडी घालून बसता येत नाही, कामावर घमेलं उचलता येत नाही.

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने या आजाराचे झटके कमी होतात. पण गोळी नियमित हवी, रक्ताची तपासणी वरचेवर हवी. साठा संपला, तंत्रज्ञाची खुर्ची रिकामी. मग?

मग दिव्यांग.

2016 च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत घेतलं. पण लाभासाठी 40 टक्क्यांचा दाखला लागतो. जवळ शिबिर लागलं नाही, तर धडगावच्या पाड्यावरून नंदुरबार गाठा. पावसाळ्यात वाटेतल्या चांदसैली घाटात दरड कोसळली की धडधाकट माणूस अडकतो. खुबा गेलेल्याने काय करावं?

केंद्राच्या पेन्शनला 80 टक्के अपंगत्व लागतं. मिळतात महिन्याला 300 रुपये. 2012 पासून तेवढेच! बाजारात सगळं महागलं, रक्कम जागची हलली नाही. ही कपात नाही तर काय?

राज्याने 2025 मध्ये दिव्यांगांच्या मासिक अनुदानाचे 1500 रुपये वाढवून 2500 केले. चांगलं केलं. पण मेलेलं हाड अनुदानाने जिवंत होत नाही.

हाड वाचवतो तो आरोग्यावरचा खर्च. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितलं होतं: 2020 पर्यंत बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करा. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही पोचला नाही.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं. उद्दिष्ट 2047 चं. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलीचा खुबा तोवर दम धरेल?

तिला 2047 नको, पुढच्या महिन्याची गोळी हवी. धडगावात, मोलगीत, घराजवळ. ती वेळेवर मिळाली तर सरकारचा खर्च गोळीपुरता. नाही मिळाली तर भरपाई ती मुलगी करते, जन्मभर.