वाहवा ठेवा, खोकला काढा

कोजागिरीच्या मैफलीत सगळ्यात खणखणीत वाजतो तो पाण्याचा पंप. आमची सोसायटी डोंबिवलीत, रुळांना खेटून. पंप थांबला की फास्ट लोकल भोंगा देते आणि लोकल गेली की पुन्हा पंप. मधे जी सांदीकोपऱ्यातली जागा उरते तिच्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी यमन गातात. बऱ्या गातात. गच्चीवर बसून ऐकताना तर फारच बऱ्या गातात, कारण हातात मसाला दूध असतं आणि पंप ऐकायचा नाही असं आपल्या कानानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. मोबाइलला एवढा पोच नसतो. तो वहिनी, पंप, लोकल, चमचे आणि कुणाच्या तरी नातवाचं भोकाड यांना एका पंक्तीला बसवतो.

असं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतं. सोबत निरोप असतो, ‘जरा क्लीन करून द्या, तुम्हाला त्यातलं कळतं.’ मला त्यातलं कळतं याला पुरावा एवढाच की माझ्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं आणि 2000 साली लोकांसमोर आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे कळणाऱ्यांची संख्या जगभर भरपूर आहे.

सुरुवात गुणगुणीपासून करायची. गच्चीवरचा अँप्लिफायर, लिफ्टच्या खोलीतून ओढलेली वायर आणि नसलेलं अर्थिंग यांच्या संगनमतानं अख्ख्या मैफलीखाली एक ‘घूंऽऽ’ चालू असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून हा घूं 50 वर, आणि त्याची पिलावळ 100, 150, 200 वर. आता गंमत बघा. पांढरी पाच 196 हर्ट्झला, काळी चार साधारण 208 ला. म्हणजे 200 चा घूं या दोघींच्या मधल्या फटीत बसतो. वहिनी काळी चारमध्ये गातात. त्यांच्या षड्जाला रात्रभर खालून कुणीतरी सूर देत होतं, तोही पाऊण पट्टी उतरून, आणि तरी त्या डगमगल्या नाहीत. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तेव्हापासून वाढला. घूंवर उपाय सोपा आहे. नेमक्या तेवढ्याच कंपनांवर बारीक चिमटे लावायचे, म्हणजे तो जातो.

खरा पेच पुढे. सरसकट गोंगाट काढायची जी सोय असते तिची रीत अशी : आधी तिला सेकंद-दोन सेकंदांचा नुसता गोंगाट निवडून दाखवायचा. ती त्याचा चेहरा लक्षात ठेवते आणि मग अख्ख्या फाइलीतून तो चेहरा वजा करते. जे अखंड, एकसारखं वाजतं ते नकोसं आणि जे बदलतं ते हवंसं, हे तिचं तत्त्वज्ञान. पंखा, एसी, टेपची खरखर यांना ते चोख लागू पडतं. आपल्याकडे मात्र गाणं सुरू व्हायच्या आधीची जी शांतता, तिच्यात तंबोरा असतो. तोच अखंड. तोच एकसारखा. सॉफ्टवेअरनं त्याला आरोपी क्रमांक एक म्हणून टिपून घेतला आणि तासाभराच्या यमनमधून षड्ज-पंचम मुळासकट उपटले. त्याला दोष देता येत नाही. जन्मभर तंबोऱ्याकडे असंच दुर्लक्ष करणारे श्रोते मी पुढच्या रांगेतही पाहिले आहेत. पंप मात्र तसाच राहिला, कारण तो मधेमधे गचके देतो, आणि गचके म्हणजे बदल, बदल म्हणजे संगीत. उरलेल्या वहिनी विहिरीच्या तळाशी बसून गायल्यासारख्या ऐकू येत होत्या, वर बुडबुडे.

म्हणून मी आता स्पेक्ट्रोग्राम उघडतो. या खिडकीत आवाजाचं चित्र दिसतं : काळ आडवा, स्वर उभा. खरं सांगतो, हे बघायला लागलं की ऐकणं मागे पडतं. तबल्याचे बोल म्हणजे उभ्या रेघा. लोकलचा भोंगा म्हणजे वहीसारखे आडवे पट्टे. पेल्यात चमचा पडला की वरच्या बाजूला बारीक तारा चमकतात आणि हळूहळू विझतात. खोकला म्हणजे शाईचा डाग. आणि या सगळ्यातून वहिनींची मींड वळण घेत जाते, एकावर एक दहा-बारा समांतर रेषा, सगळ्या एकदम वळणाऱ्या. त्या निषादावरून षड्जावर अलगद चढतात असं आम्ही समजत होतो. चित्रात दिसलं की आधी जराशा वर जाऊन मग खाली स्थिरावतात. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. खोकल्याचा डाग इथे चौकट आखून निपटून काढता येतो. एकदा हात बसला की माणूस खोकले शोधत हिंडतो.

सूर नीट करायचीही यंत्रं आहेत. त्यातलं सगळ्यात गाजलेलं ऑटोट्यून 1997 साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी भूकंपी लहरींच्या गणितातून तेल कुठे आहे ते शोधायचे. तेलाची गोष्ट वेगळी, पण मींड या यंत्राच्या हाती देऊ नये. ते प्रत्येक स्वराला उचलून जवळच्या पट्टीवर नेऊन बसवतं, त्यामुळे घसरगुंडीचा जिना होतो. मींड निघत नाही आणि स्वर ठोकळेबाज, अशा तक्रारींपायी आकाशवाणीनं 1940 साली पेटीला बाहेरचा रस्ता दाखवला होता. तीच पेटी आता गळ्यात बसवून मिळते. वहिनींच्या यजमानांनी ‘तेवढं एक-दोन ठिकाणी’ असं सुचवलं तेव्हा मी पंपाचं कारण पुढे केलं. पंप असा उपयोगी पडतो.

सूचना इतरही आल्या. तबलजी काकांना तबला वाढवून हवा होता. वहिनींच्या आईंना तो कमी करून हवा होता. चेअरमनना आपलं आभाराचं भाषण कापलेलं नको होतं. त्यांनी माइक दातांना टेकवून धरल्यामुळे त्या भाषणाच्या लहरींचे माथे सपाट कापले गेले होते. कापलेला माथा पुन्हा बसवायचा म्हणजे नुसता अंदाज. मी अंदाज केला. ते आता मुळातल्यापेक्षा सौम्य वाटतात.

पण सगळ्यात नाजूक काम मोबाइलनंच करून ठेवलं होतं. आवाज मोठा झाला की आपली संवेदना कमी करायची आणि शांत झालं की वाढवायची, ही त्याची सवय. समेवर काकांची थाप पडली की तो दचकतो आणि वहिनी क्षणभर खोल जातात. उलट एक चीज संपून दुसरी सुरू होईपर्यंत तो कान टवकारून बसतो. त्यावर मी कॉम्प्रेसर लावला. याचं काम मोठ्यांना दाबून लहानांना वर आणणं. लहान आवाजात त्या वेळी बी विंगच्या काकू होत्या, फोनच्या शेजारच्याच खुर्चीत. आकाशवाणीच्या बातम्यांइतक्या स्पष्टपणे त्या म्हणाल्या, ‘हिचा षड्ज लागेपर्यंत दूध नासेल बाई!’

जाणकार लोक मैफलीच्या रेकॉर्डिंगवर जीव टाकतात ते त्यातल्या ‘वा’ आणि ‘क्या बात है’साठीही. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांच्या ध्वनिमुद्रिका झाल्या. तीन मिनिटांत गाणं आटपायचं आणि शेवटी स्वतःच आपलं नाव सांगून मोकळं व्हायचं. शुद्ध संगीत पण दाद नाही. तेव्हा श्रोत्यांचा आवाज ठेवायचा हे माझं धोरणच आहे. या वाक्यापुरतं ते बाजूला ठेवलं आणि दुधासकट ते कापलं. पुढे द्रुत तराण्यात एका समेवर मनापासून आलेला, लांबलचक ‘वाऽऽ’ सापडला. आवाज ओळखीचा वाटला म्हणून दोन्ही तुकडे लागोपाठ लावले. काकूच. तो ‘वा’ मी सहा डेसिबलनं वाढवला.

वहिनी फाइल ऐकून भरून पावल्या. तंबोरा, मींड, चमचे यांबद्दल काही बोलल्या नाहीत, पण तो ‘वा’ त्यांनी यजमानांना तीनतीनदा ऐकवला आणि संध्याकाळी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन काकूंकडे गेल्या. काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, ‘कान लागतो हो त्याला, नुसतं मशीन असून भागत नाही.’

मूळ फाइल मी तीन ठिकाणी जपून ठेवली आहे. काकू सोसायटीच्या खजिनदार आहेत आणि झाकलेल्या पार्किंगसाठी केलेला माझा अर्ज बरेच दिवस त्यांच्याकडे पडून आहे.