निवृत्तांनी कुठे राहावे, कुठे फिरावे : टेंभुर्णी व परिसरासाठी सूचना

अठ्ठावन्नाव्या वर्षी सत्कार होऊन शाल-श्रीफळ घरी आले, की कार्यवाहीस लागावे. प्रथम टपरीवर जाहीर करावे, की आता आम्ही भारतभर फिरणार. घरात सांगायचे राहिले तरी बिघडत नाही. तिथे कोणी विश्वास ठेवत नाही.

राहण्यासाठी पर्याय दोनच. पहिला पुणे, म्हणजे हडपसर किंवा मांजरी. सोलापूर रस्ता सोडून राहायला आपला माणूस सहसा धजत नाही. मुलाच्या फ्लॅटमध्ये आपल्याला स्वतंत्र खोली मिळते, तीत नातवाची सायकल आणि इस्त्रीचे टेबल आधीच नांदत असतात. सकाळी नातवाला स्कूलबसपर्यंत पोचवावे, दुपारी पार्सल घ्यावे, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर आपल्याकडचा कोणी दिसतो का पाहावे. दिसलाच तर उजनी धरणाच्या पाण्यावरून वाद घालावा.

दुसरा पर्याय टेंभुर्णी. घर बांधून झालेलेच असते, वरचा मजला मुलासाठी. तो दिवाळीत येतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर गाणी वाजवत जातात आणि झोप लागत नाही. तो वेळ नकाशा पाहण्यात सत्कारणी लावावा.

नकाशात दिसेल, की पुणे, सोलापूर, पंढरपूर, अकलूज, करमाळा, कुर्डुवाडी, सगळीकडचे रस्ते आपल्या दारातून जातात. अर्धा महाराष्ट्र इथे चहा पिऊन पुढे जातो. कोण कुठे चालले हे पाहण्याची नोकरी मात्र आपण निवृत्तीनंतरही बिनपगारी करतो.

आता भाडे. एसटीत पासष्टीला अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीला फुकट. ही फुकटची सोय ऑगस्ट २०२२ पासून आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे अठ्ठावन्न ते पासष्ट ही गुडघे शाबूत असलेली सात वर्षे पूर्ण पैसे मोजावे लागतात. सुज्ञ निवृत्त ती घरी बसून काढतो. रेल्वेचे नाव काढू नये. ज्येष्ठांची सवलत तिने मार्च २०२० मध्येच बंद केली.

परदेशाचा मोह झाल्यास हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर जावे. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून तिथे उतरतात, रोहित पक्षीही येतात. त्यांनी एवढी तंगडतोड केली असताना आपण उलट दिशेने जाणे बरे दिसत नाही.

अडचण एकच, पत्नी. मार्च २०२३ पासून बायकांना कोणत्याही वयात एसटीचे अर्धे तिकीट झाले आणि आपले वेळापत्रक कोलमडले. भजनी मंडळासोबत तिचे तुळजापूर झाले, अक्कलकोट झाले, नीरा-नृसिंहपूर तर दोनदा. तिने नकाशा उघडला नाही, टपरीवर घोषणा केली नाही. पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणी बांधली आणि स्टँड गाठला. असा प्रवास शास्त्राला धरून नाही. तरी तिने ‘येताय का?’ विचारल्यास पुढील महिन्याचा वायदा करावा.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्यामुळे दिवाळीनंतर गाव सोडता येत नाही, ही सबब पूर्वी खपून जाई. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय आली. हा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून कुठूनही देता येतो.